शेताला कर नाही, घराला आहे

वडील २०१३ साली गेले. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांच्यामागे दोन गोष्टी राहिल्या: ३२ गुंठे जिरायत शेत आणि गावठाणातलं माळवदाचं घर. शेत बटईने दिलेलं होतं. घराला कुलूप होतं. आई माझ्याकडे पुण्यात, ताई नाशिकला शिक्षिका. दर पावसाळ्यानंतर कुणीतरी जाऊन माळवद कुठं खचलंय ते बघून यायचं, एवढाच आमचा आणि घराचा संबंध उरला होता. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही विकलं. विकायला वेळ लागला नाही. कराचा हिशेब समजून घ्यायलाच जास्त दिवस गेले.

घेणारे अण्णा. त्यांचा बांध आमच्या बांधाला लागून, माणूस ओळखीचा, शेतकरी असल्याचा दाखला हातात. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, तेव्हा ती अडचण सुटलेली होती. शेत आणि घर मिळून ३२ लाख ठरले. अण्णांचं म्हणणं, एकाच खरेदीखतात टाकू.

"अरं, कागदं दोन कशाला? खर्च डब्बल."

दस्त लिहिणाऱ्या गृहस्थांचंही तेच मत. करासंबंधी विचारलं तर ते हसले. "गावचं आहे साहेब. गावच्या मालावर कुठं टॅक्स असतो?" मलाही ते पटलं होतं, कारण लहानपणापासून तेच ऐकलेलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मात्र हट्टाने एका सीए मॅडमकडे पाठवलं. त्यांचा पहिला प्रश्न असा होता: "या ३२ लाखांत शेताचे किती आणि घराचे किती?"

मला सांगता आलं नाही. आम्ही तसं ठरवलंच नव्हतं.

त्या दिवशी जे कळलं ते असं. कायद्यातली सवलत गावाला नाही, शेतजमिनीला आहे. ग्रामीण भागातली शेतजमीन आयकर कायद्याच्या व्याख्येत 'भांडवली मालमत्ता' धरलीच जात नाही. मालमत्ताच नाही, तर तिच्यावर भांडवली नफा कुठून येणार? गावठाणातलं घर मात्र, गाव कितीही लहान असो, भांडवली मालमत्ता आहे. त्याच्या विक्रीवर कर लागतो. दोन्ही एकाच कागदात, एकाच आकड्यात घातली असती, तर किती रक्कम करमुक्त आणि किती करपात्र हे सिद्ध करायची जबाबदारी माझ्यावर आली असती. मॅडमनी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: दोन खरेदीखतं, दोन किमती. वकिलाचा जादा खर्च मी देतो म्हटल्यावर अण्णाही तयार झाले.

(इथे कलमांचे जे आकडे येतील ते १९६१ च्या कायद्यातले आहेत, कारण आमचा व्यवहार त्याखाली झाला. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे, त्यामुळे आकडे बदलले.)

आधी शेत. मी म्हटलं, "ते तर ग्रामीणच आहे." मॅडम म्हणाल्या, "ते मोजून ठरतं." कलम २(१४) मध्ये मोजमाप दिलेलं आहे. जमीन नगरपालिकेच्या हद्दीत नको, आणि हद्दीपासून ठरावीक अंतराच्या बाहेर हवी. त्या नगरपालिकेची लोकसंख्या १० हजारांच्या वर आणि १ लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटर, १ लाखाच्या वर १० लाखांपर्यंत असेल तर ६ किलोमीटर, त्याहून मोठं शहर असेल तर ८ किलोमीटर. नाव नगरपंचायत असो की नगरपरिषद, दोन्ही यात धरतात. लोकसंख्या शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेची, म्हणजे २०११ ची, कारण २०२१ ची झालीच नाही.

इथे आमच्या नशिबाची गंमत आहे. २०११ च्या जनगणनेत पंढरपूर नगरपरिषदेची लोकसंख्या ९८ हजारांच्या वर होती, लाखाच्या आत. बार्शीची १ लाख १८ हजारांच्या वर. म्हणजे हेच शेत पंढरपुराजवळ असतं तर २ किलोमीटरचा नियम लागला असता. बार्शीजवळ आहे म्हणून ६ चा. विठोबाच्या दारात हजारभर माणसं कमी भरली, तिथल्या शेतकऱ्याला ती मोलाची ठरली.

मी बेफिकीर होतो. एसटी स्टँडपासून आमचा बांध ९ किलोमीटर, हे मला शाळेत असल्यापासून पाठ. पण मोजायचं स्टँडपासून नाही, नगरपरिषदेच्या हद्दीपासून, आणि रस्त्याने नाही, सरळ रेषेत. कायद्याचा शब्द आहे हवाई अंतर. पूर्वी यावरून बरेच वाद झाले, मग २०१३ च्या वित्त कायद्याने हवाई अंतर हेच माप पक्कं केलं. मी रात्री उपग्रहाच्या नकाशावर रेघ ओढून बघितली. आमचा रस्ता ओढ्याला वळसा घालून जातो. त्या वळशाचं अंतर गेलं, स्टँडपासून हद्दीपर्यंतचं गेलं, आणि उरलं ६.७. म्हणजे ७०० मीटरने वाचलो. हद्दवाढ होऊन वेस थोडी पुढे सरकली असती, तर पूर्ण रक्कम हिशेबात आली असती.

६.७ हा माझ्या मोबाइलवरचा आकडा, त्याला कोण विचारतो? म्हणून नगरपरिषदेकडून हद्दीचा नकाशा घेतला आणि एका खासगी सर्वेअरकडून अंतर मोजून सही-शिक्क्यासह लिहून घेतलं.

दुसरी अट मला आधी अट वाटलीच नाही: ती जमीन शेतीची असली पाहिजे. सातबारावर 'जिरायत' लिहिलंय, एवढं पुरावा म्हणून चांगलं, पण शेवटचं नाही. खरंच शेती होत होती का, बिगरशेती परवानगी घेतली होती का, हेही बघतात. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. लोक सात बघतात, मालकाचं नाव बरोबर आहे की नाही तेवढं तपासतात. बारावर पिकाची नोंद असते, तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आमच्या बटईदाराने ज्वारी, हरभरा, एखाद्या वर्षी तूर केली होती, आणि ई-पीक पाहणी सुरू झाल्यापासून मोबाइलवर फोटो काढून नोंदीही लावल्या होत्या. एका वर्षी 'पड' लागलेलं. त्या वर्षी पाऊसच नव्हता, तेव्हा त्याची काळजी नको, असं मॅडम म्हणाल्या. दहा वर्षं सलग पड असतं आणि वर प्लॉटिंगचा आराखडा असता, तर त्या एवढ्या सहज बोलल्या नसत्या.

शेत सुटलं. आता घर.

घर आजोबांनी बांधलेलं. त्याची खरेदी किंमत काय धरायची? वारसाने मिळालेल्या मालमत्तेला आधीच्या मालकाची किंमत लागते, आणि मालमत्ता १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव किंमत म्हणून धरता येतो. हा मुद्दा फार महत्त्वाचा. हे माहीत नसलेला माणूस खर्च शून्य धरून बसेल आणि अख्ख्या रकमेवर कर भरेल.

पण घर २००१ च्या आधी होतं, हे दाखवायचं कसं? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आजोबांचं नाव आणि 'माळवद' एवढं होतं. बांधकामाचं साल नव्हतं. इथे आईने पत्र्याची पेटी पुढे केली. आमच्याकडे घरपट्टी भरणं हे आईचं खातं. बाबा असताना आणि ते गेल्यानंतरही, अगदी घर बंद असताना सुद्धा, ती मार्चच्या आत घरपट्टी पोहोचती करायची आणि पावती पेटीत ठेवायची. १९८८ पासूनच्या पावत्या निघाल्या. काही वाळवीने खाल्लेल्या, पण सलग. मूल्यांकन करणारे गृहस्थ त्या बघून म्हणाले, "असा पुरावा लोक आणत नाहीत हो."

त्यांनी २००१ चा भाव आधी ३ लाख ६० हजार काढला. मी खूश. मग मॅडमनी तो कापला. २०२० पासून नियम आहे की जमीन किंवा इमारतीचा २००१ चा बाजारभाव त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे आपल्या भाषेत रेडी रेकनरपेक्षा, जास्त धरता येत नाही. जुन्या तक्त्यावरून २ लाख ४० हजार निघाले. तोच आकडा लागला.

बाबांनी २०१२ साली गळणाऱ्या भागावर पत्रे टाकले होते आणि मागे संडास-न्हाणी बांधली होती. माझ्या आठवणीत खर्च लाखभर. पेटीत पत्र्याचं आणि सिमेंटचं बिल मिळालं ६० हजारांचं. गवंड्याचे पैसे बाबांनी रोजच्या रोज हातात दिलेले, त्याचा कागद कुठला असणार? ६० हजार धरले.

आता कराचा दर. २३ जुलै २०२४ पासून घर-जमिनीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, पण महागाईची वजावट, म्हणजे इंडेक्सेशन, नाही. मात्र त्या तारखेच्या आधी घेतलेल्या मालमत्तेला, विकणारी व्यक्ती भारतात रहिवासी असेल तर, जुन्या पद्धतीने २० टक्के इंडेक्सेशनसह हिशेब करून बघता येतो, आणि ज्यात कर कमी तो भरायचा. मी आकडे वहीत मांडले, ते तसेच देतो.

घराची विक्री १४ लाख. नव्या पद्धतीने: १४ लाखांतून २ लाख ४० हजार आणि ६० हजार गेले, नफा ११ लाख, कर १ लाख ३७ हजार ५००. जुन्या पद्धतीने: महागाईचा सरकारी निर्देशांक २००१-०२ ला १०० आणि २०२४-२५ ला ३६३, म्हणून २ लाख ४० हजारांचे झाले ८ लाख ७१ हजार २००. पत्र्याच्या ६० हजारांना २०१२-१३ चा निर्देशांक २००, म्हणून त्यांचे झाले १ लाख ८ हजार ९००. नफा उरला ४ लाख १९ हजार ९००. त्याचे २० टक्के म्हणजे ८३ हजार ९८०.

दर जास्त आणि कर कमी. '१२.५ टक्के झाला, आता स्वस्त' असं सांगत फिरणाऱ्यांना मी आता ही वही दाखवतो. जुनी मालमत्ता, जिची किंमत फार वाढलेली नाही, तिला जुनी पद्धत बरी पडते. गावातली बरीच घरं अशीच असतात.

वर १४ लाख म्हटलं, पण तो आकडा तसा आधीपासून नव्हता. शेताला कर नाही आणि घराला आहे, हे कळल्यावर माझ्या मनात जे आलं ते कुणाच्याही मनात येईल. मी मॅडमना विचारलं, "शेताचे २२ लिहू आणि घराचे १०?" त्यांनी उत्तर न देता घराचं सरकारी मूल्यांकन काढायला लावलं. ते आलं १५ लाख २० हजार! भिंती मातीच्या, पण जागा रस्त्याला लागून. भाव सगळा जागेचा.

कलम ५०सी म्हणतं, लिहिलेली किंमत सरकारी मूल्यापेक्षा कमी असेल तर सरकारी मूल्यच विक्रीची किंमत समजायची. १० लिहिले असते तरी कर १५ लाख २० हजारांच्या हिशेबानेच लागला असता. वर मधल्या फरकावर अण्णांनाही 'इतर उत्पन्न' म्हणून कर बसला असता. माझ्या हुशारीचा भुर्दंड त्यांना.

अण्णा आणि मी तोंडी बोललो होतो ते शेताला साडेअठरा आणि घराला साडेतेरा. हा प्रामाणिक आकडा होता, बांधावर बसून झालेला. पण तोही चालेना. कायदा १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतो. साडेतेरा लाखांवर १० टक्के म्हणजे १४ लाख ८५ हजार, आणि मूल्यांकन त्याच्या वर. म्हणजे साडेतेरा घेऊन १५ लाख २० हजारांवर कर. १४ लाख धरले तर १० टक्क्यांसह १५ लाख ४० हजार होतात, मूल्यांकन त्याच्या आत बसतं, आणि खरे १४ लाखच हिशेबात येतात. घराची किंमत ५० हजारांनी वाढवली आणि करासाठी धरली जाणारी रक्कम १ लाख २० हजारांनी उतरली. अण्णांची एकूण रक्कम तीच. त्यांना मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तुला पटतंय न्हवं? मग लिही."

मूल्यांकन मान्य नसेल तर आयकर अधिकाऱ्याकडे ते पुन्हा करून मागता येतं. त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

इसाराच्या दिवशी अण्णा ५१ हजार रोख घेऊन आले. टोपी, नारळ, पेढे, सगळं रीतीने. आईच्या हातात पैसे ठेवणार तेवढ्यात मी मध्ये पडलो, आणि ते आईलाही आवडलं नाही, अण्णांनाही नाही. पण घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, इसार म्हणूनही नाही. घेतली तर घेतली तेवढ्या रकमेचा दंड, आणि तो घेणाऱ्याला. शेत करमुक्त असलं तरी हा नियम सुटत नाही. देणारा-घेणारा दोघांचंही उत्पन्न शेतीचंच असेल आणि दोघांनाही करपात्र उत्पन्न नसेल तर सवलत आहे, पण मी पगारदार. शेवटी अण्णांनी नारळ, पेढे आणि ११०० रुपये आईला दिले, बाकीचे खात्यावर पाठवले. पुढे सगळी रक्कम तिघांच्या खात्यांवर, एक तृतीयांश प्रमाणे, थेट आली. आई, ताई आणि मी तिघेही वारस, म्हणून नफाही तिघांचा वेगळा आणि विवरणपत्रंही वेगळी.

माझ्या वाट्याचा कर उपकरासह २९ हजारांच्या थोडा वर. तो वाचवायचे रस्ते होते. सहा महिन्यांच्या आत कलम ५४ईसीचे करबचत रोखे घेता येतात, पण पैसे पाच वर्षं अडकतात आणि त्यावरचं व्याज करपात्र. २९ हजारांसाठी एवढे पैसे बांधून ठेवायला माझं मन होईना. दुसरं घर घेतलं तर कलम ५४ खाली सूट मिळते. ताई म्हणाली, मग माझ्या फ्लॅटचं कर्जच फेडते. पण तिचा फ्लॅट २०१७ चा. जुन्या घराचं कर्ज फेडणं म्हणजे नवं घर घेणं नव्हे.

आईला दुसरं उत्पन्न नगण्य. रहिवासी व्यक्तीची मूळ सूटमर्यादा उरलेली असेल तर ती या नफ्यासमोर लावता येते, त्यामुळे तिचा कर बराच उतरला. वय साठीच्या वर आणि धंदा नाही, म्हणून अग्रिम कराचंही, म्हणजे वर्ष संपायच्या आत हप्त्यांनी कर भरायचं, बंधन नाही. आम्हा दोघा भावंडांना मात्र ते होतं. विक्री फेब्रुवारीतली, म्हणजे १५ मार्चचा हप्ता. मी ११ मार्चला भरला आणि ताईला मेसेज टाकला. तिने अंगठा दाखवला आणि विसरली.

विवरणपत्राची जुलैची मुदत १५ सप्टेंबरवर गेली, मग आणखी एक दिवस वाढली. ताईचं दरवर्षीचं विवरणपत्र, आयटीआर-१, या वेळी चालत नव्हतं. घराच्या विक्रीचा नफा असला की आयटीआर-२. शेताची रक्कम मॅडमनी करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात दाखवली, म्हणजे खात्यावर आलेल्या पैशांना उत्तर राहतं. ताईला व्याज बसलं दोन हजारांच्या आसपास. ती अजून म्हणते, मी सांगितलं नाही. मी अंगठ्याचा फोटो काढून ठेवलाय.

शेताचे पैसे आईच्या नावाने मुदत ठेवीत टाकले. तिची समजूत अशी की पैसे करमुक्त, तेव्हा व्याजही करमुक्त. तसं नाही. व्याज तिच्या उत्पन्नात धरलं जातं. बँकेत १५एच फॉर्म भरून दिला, म्हणजे व्याजातून कर कापला जाणार नाही.

मार्च आला तशी आईने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "अण्णांना फोन लाव. घरपट्टी मार्चच्या आत भरायची असते, त्यांना सवय नसेल. आणि म्हणावं, पावती जपून ठेवा."